प्रश्न वाचकांचे : टेक-ऑफनंतर इंजिन बंद पडले तर

विमान सुरक्षेबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी एकच धागा ठळक होता : जमीन सोडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटे. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : दोनपैकी एक इंजिन बंद पडले तरी विमान उडते, असे म्हणतात. मग २०१५ साली तैवानमध्ये उड्डाणपुलाला घासून नदीत पडलेल्या विमानाचे काय झाले? एकच इंजिन गेले होते ना? आम्ही गोव्याला त्याच जातीच्या विमानाने जातो, म्हणून विचारतो. (सोलापूर)

उत्तर : एकच इंजिन गेले होते हे खरे. दुसरे चुकून बंद केले गेले.

४ फेब्रुवारी २०१५. ट्रान्सएशियाचे फ्लाइट २३५, तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून किनमेन बेटाकडे निघालेले एटीआर ७२-६००. विमानात ५८ जण होते, त्यांतले ४३ गेले. सोलापूर, जळगाव, कोल्हापूर या मार्गांवर दिसणारे पंख्यांचे विमान याच कुळातले.

अपघात समजण्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली म्हणजे ‘फेदर’. पंख्याचे इंजिन बंद पडले की वाऱ्याने पंखा नुसताच फिरत राहतो आणि विमानाला मागे खेचतो. हा अडथळा फार मोठा असतो. म्हणून पाती वळवून त्यांची धार वाऱ्याकडे करतात; पंखा जवळजवळ थांबतो आणि अडथळा खूपच कमी होतो. दुसरी म्हणजे ‘अपट्रिम’. एका बाजूचा जोर गेला असे यंत्रणेला दिसले की ती दुसऱ्या इंजिनाचा जोर आपोआप वाढवते. एटीआरमध्ये टेक-ऑफच्या वेळी ही दोन्ही कामे एकच स्वयंचलित यंत्रणा करते. ती सज्ज झाली की कॉकपिटमध्ये ‘आर्म’ असा दिवा लागतो.

त्या दिवशी उजव्या इंजिनाच्या ऑटोफेदर युनिटमधले डाखाचे जोड खराब झाले होते. टॉर्क (पंखा फिरवणारा पीळ) मोजणाऱ्या सेन्सरचा संकेत मधूनमधून तुटत होता. उड्डाणानंतर तो तुटला तेव्हा यंत्रणेने ‘उजवे इंजिन गेले’ असे धरून उजवा पंखा फेदर केला आणि डाव्या इंजिनाचा जोर वाढवला. उजवे इंजिन आतून फिरतच होते, पण पंखा फेदर झाल्यामुळे त्याची ओढ शून्य. म्हणजे बिघाड एका छोट्या डब्यातला होता. त्यापुढे यंत्रणेने जे केले ते तिच्या हिशेबाने बरोबरच होते.

धोक्याची सूचना वाजली ती १० वाजून ५२ मिनिटे ३८ सेकंदांनी. विमान सुमारे १,२०० फुटांवर होते आणि पडद्यावर दोन नंबरचे, म्हणजे उजवे, इंजिन बंद पडल्याचे लिहून आले होते. पाचच सेकंदांत कॅप्टनने ऑटोपायलट सोडला आणि ‘एक नंबरचा थ्रॉटल मागे घेतो’ (म्हणजे डाव्या इंजिनाची जोराची लिव्हर) असे म्हटले. शेजारच्या वैमानिकाने थांबून खात्री करू, असे सुचवले. ती खात्री झालीच नाही. डाव्या, म्हणजे चालू असलेल्या इंजिनाचा जोर कमी होत गेला, वेग घटला, स्टॉलची (वेग घटून पंखांची उचल तुटत असल्याची) सूचना वाजू लागली आणि १०:५३:२४ च्या सुमारास डाव्या इंजिनाचे इंधनच तोडले गेले. आता ओढ कोणत्याच बाजूला नव्हती. आपण चुकीच्या बाजूचा थ्रॉटल मागे घेतला, हे कॅप्टनच्या तोंडून निघाले तेव्हा धडकेला जेमतेम नऊ सेकंद उरले होते. डावे इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला, पण उंची संपली होती. सूचना वाजल्यापासून पुलाला पंख लागेपर्यंतचा काळ दोन मिनिटांहून कमी.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर कार्यपद्धतीत आहे. एटीआरवर उड्डाणात इंजिन गेले तर क्रम साधारण असा :

आधी फक्त विमान उडवायचे. पायाने रडर (शेपटीवरची उभी सुकाणू-पट्टी) दाबून नाक सरळ धरायचे, वेग सांभाळायचा, चाके वर घ्यायची. अपट्रिम आणि ऑटोफेदर झाले का, हे दुसऱ्या वैमानिकाने मोठ्याने सांगायचे. सुरक्षित उंची आणि वेग मिळेपर्यंत बंद इंजिनाच्या लिव्हरना हात लावायचा नाही. त्यानंतर कोणते इंजिन गेले हे टॉर्क, तापमान आणि फेऱ्यांचे काटे पाहून दोघांनी ठरवायचे. मग त्या बाजूची पॉवर लिव्हर मागे घ्यायची, पण एकाने हात ठेवायचा, दुसऱ्याने ‘कन्फर्म’ म्हणायचे आणि मगच हलवायची. शेवटी त्याच बाजूची कंडिशन लिव्हर (पंख्याची पाती आणि इंधन सांभाळणारी) आधी फेदरवर आणि नंतर इंधन बंदवर, तीही तशाच खात्रीने.

यात घाईची एकही पायरी नाही. फेदर झालेला पंखा आणि थंड पडलेले इंजिन पाच मिनिटे तसेच राहिले म्हणून काही बिघडत नाही. आगीची गोष्ट निराळी. पण आगीतही आधी विमान, मग इंजिन हाच क्रम असतो. त्या दिवशी कॅप्टनने पहिले काही सेकंद नुसता रडर धरला असता, तर ऑटोपायलटवर, एका पूर्ण जोराच्या इंजिनाने विमान चढत राहिले असते.

आणखी एक संधी त्याआधीच गेली होती. धावपट्टीवर धावताना ‘आर्म’ दिवा लागला नव्हता, हे सहवैमानिकाने सांगितले होते. टेक-ऑफ तरी चालूच ठेवला, आणि थोड्या वेळाने दिवा लागला. तो उशिरा लागणे हे त्याच सैल जोडाचे लक्षण असावे. दिवा लागला नाही तर टेक-ऑफ सोडून द्यायचा, असा स्पष्ट लेखी नियम कंपनीने वैमानिकांना दिलेला नव्हता, असे तैवानच्या तपास मंडळाच्या २०१६ च्या अंतिम अहवालात नोंदले आहे. आमच्या मते अहवालातली सर्वांत बोचरी ओळ तीच. चुकीची लिव्हर ओढणारा हात सगळ्यांना दिसतो, पण न लिहिलेला नियम कोणाच्या नजरेत भरत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती कंपनीही बंद झाली.

प्रश्न : धावपट्टीवरच इंजिन गेले तर ब्रेक का मारत नाहीत? हवेत जाऊन परत येण्यापेक्षा ते बरे नाही का? (नागपूर)

उत्तर : वेगावर अवलंबून आहे. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाचे वजन, तापमान, वारा, धावपट्टीची लांबी आणि ओल पाहून एक वेग काढतात, त्याला ‘व्ही-वन’ म्हणतात. त्याच्या आत बिघाड झाला तर उरलेल्या पट्टीत थांबता येते. तो ओलांडला की पट्टीत थांबता येईल याची हमी नसते, म्हणून उडायचेच. मध्यम आकाराच्या जेटला हा वेग बहुधा १३० ते १५० नॉट असतो, म्हणजे ताशी २४० ते २८० किलोमीटर. बोइंगवर ८० आणि एअरबसवर १०० नॉटपर्यंत किरकोळ बिघाडासाठीही थांबतात. त्यापुढे मात्र आग, इंजिन बंद पडणे किंवा विमान उडणारच नाही असे वाटणे, अशा मोजक्या गंभीर कारणांसाठी. व्ही-वन पुकारला गेला की कॅप्टन थ्रॉटलवरचा हात काढून घेतो, तो याचसाठी. हात तिथे असला तर मोह होतो.

उडाल्यावर काय, तर नियमाने दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर, चाके वर घेतल्यानंतर, किमान २.४ टक्के चढले पाहिजे. म्हणजे हजार मीटर पुढे गेल्यावर निदान २४ मीटर वर. ही चढण बेताचीच आहे, पण हिशेब करून ठेवलेली आहे. नागपुरात मे महिन्यात दुपारी ४५ अंशांना हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. तेव्हा हा आकडा गाठण्यासाठी वजनच कमी करावे लागते. सामान मागे राहिले म्हणून चिडणाऱ्या प्रवाशाला हे काउंटरवर कोणी समजावत नाही, हा भाग वेगळा.

प्रश्न : १९७६ साली सांताक्रूझला मद्रासकडे निघालेले विमान पडले होते. वैमानिक परत वळला होता, एक इंजिन चालू होते, तरी सगळे गेले. तिथेही चुकीचे इंजिन बंद केले होते का? (विलेपार्ले)

उत्तर : नाही. तिथे इंजिन नुसते बंद पडले नाही, फुटले.

१२ ऑक्टोबर १९७६. इंडियन एअरलाइन्सचे फ्लाइट १७१, कॅरव्हेल जातीचे. जाणार होते बोइंग ७३७, पण त्यात बिघाड निघाला म्हणून ऐन वेळी कॅरव्हेल दिले गेले. विमानात ९५ जण होते, कोणीही वाचले नाही. मल्याळम चित्रपट अभिनेत्री राणी चंद्रा त्यांत होत्या.

कॅरव्हेलची दोन्ही इंजिने शेपटीजवळ, धडाच्या दोन बाजूंना असतात. उड्डाणानंतर दोन नंबरच्या इंजिनातील उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरची (हवा दाबणाऱ्या भागाची) दहाव्या टप्प्याची, पाती जिच्यावर बसतात ती चकती तुटली. कारण धातूचा थकवा : हजारो वेळा ताण येऊन-जाऊन पडलेली, डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर. सुटलेल्या पात्यांनी इंधनाच्या नळ्या कापल्या, इंधन पेटले, आगीने हायड्रॉलिक तेल संपवले. तेल गेल्यावर वैमानिकाच्या हातातल्या दांड्याचे पंखांवरच्या पट्ट्यांशी नातेच उरले नाही. धावपट्टीकडे परत येताना, जेमतेम ३०० फुटांवर असताना विमान ताब्याबाहेर गेले.

फरक लक्षात घ्या. इंजिनाचे बाहेरचे कवच एखादे सुटे पाते आत अडवू शकेल असे बनवतात आणि तशी चाचणीही घेतात. पण अख्खी चकती फुटली तर तिचे तुकडे कोणतेही व्यवहार्य कवच अडवू शकत नाही. तेवढे जाड कवच घातले तर विमान उडणार नाही. म्हणून चकती फुटूच द्यायची नाही, हाच उपाय. प्रत्येक चकतीला ‘सायकल’मध्ये आयुष्य ठरवून दिलेले असते. एक टेक-ऑफ आणि एक लँडिंग म्हणजे एक सायकल. मोजणी तासांत न होता सायकलमध्ये होते, कारण थकवा जोर चढण्या-उतरण्याने येतो. आयुष्य संपले की चकती कितीही चकाचक दिसो, ती काढतात. मधल्या तपासण्यांत तिच्यावर चमकणारा द्रव लावून अतिनील दिव्याखाली चिरा शोधतात. आतल्या दोषांसाठी अल्ट्रासाउंड आणि पृष्ठभागालगतच्या दोषांसाठी एडी करंट (धातूत वीजप्रवाह फिरवून केलेली तपासणी) वापरतात. सफाई नीट झाली नाही तर द्रव चिरेत शिरत नाही आणि तपासणी पास होते. चूक होते ती बहुधा इथेच.

चकती फुटून हायड्रॉलिक गेल्याचा दुसरा मोठा अपघात १९८९ चा, अमेरिकेतील सू सिटीचा. तिथे शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती फुटली आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम रिकाम्या झाल्या. २९६ पैकी ११२ गेले. हा बिघाड उंचावर झाला, म्हणून वैमानिकांना नुसत्या थ्रॉटलवर विमान वळवायला वेळ मिळाला. सांताक्रूझला तो नव्हता.

प्रश्न : अख्खे इंजिनच गळून पडले तर? वजन कमी होऊन विमान उलट हलके नाही का होणार? (चिंचवड, पॉलिटेक्निकचा विद्यार्थी)

उत्तर : असे २५ मे १९७९ रोजी शिकागोत झाले. अमेरिकन एअरलाइन्सचे फ्लाइट १९१, तीन इंजिनांचे डीसी-१०. जमीन सोडताना डावे इंजिन आपल्या आधारासकट, म्हणजे पायलॉनसकट, पंखावरून उलटून मागे पडले. ३१ सेकंदांत विमान कोसळले. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २ असे २७३ जण गेले.

वजन आणि जोर जाणे हा यातला छोटा भाग. उरलेल्या दोन इंजिनांवर ते विमान उडू शकत होते. पण पायलॉन निघताना पंखाच्या पुढच्या कडेतल्या हायड्रॉलिक नळ्या तुटल्या आणि डाव्या पंखाच्या पुढच्या झडपा, म्हणजे स्लॅट, आपोआप आत गेल्या. उजव्या पंखाच्या बाहेरच राहिल्या. स्लॅट आत गेले की तो पंख जास्त वेगालाच स्टॉल होतो. डाव्या पंखाचा स्टॉल वेग १५९ नॉटवर गेला होता. विमानाचा वेग तेव्हा १७२ होता, म्हणजे पुरेसा. पण इंजिन गेल्यावर ‘व्ही-टू’ वेग, म्हणजे एक इंजिन गेल्यावर सुरक्षित चढण्याचा ठरलेला वेग (इथे १५३ नॉट), धरायचा हा तेव्हाचा नियम. वैमानिकांनी तो पाळला, नाक उचलून वेग १५३ कडे उतरवू लागले, आणि १५९ वरच डावा पंख स्टॉल झाला. स्टॉलची सूचना आणि स्लॅटचा फरक दाखवणारी यंत्रणा, दोन्हींची वीज त्याच गळालेल्या इंजिनावरून येत होती. कॉकपिटमधून पंखावरची इंजिने दिसत नाहीत. त्यांना कळायला मार्गच नव्हता.

आता तुमच्या उपयोगाचे. पायलॉनला तडा गेला होता तो दुरुस्तीच्या वेळी. उत्पादकाची पद्धत आधी इंजिन उतरवायचे आणि मग पायलॉन, अशी होती. कंपनीने दोन्ही एकत्र, फोर्कलिफ्टवर उतरवायला सुरुवात केली. एका विमानामागे सुमारे २०० मनुष्यतास वाचत होते. पण काट्यांवरचे ओझे किंचित जरी खाली-वर झाले, तरी पायलॉनच्या मागच्या टोकाची पट्टी पंखाच्या खोबणीवर आपटत होती. तडा तिथे पडला आणि पुढच्या उड्डाणांत वाढत गेला. उत्पादकाची पद्धत लांबलचक वाटते तेव्हा ती पायरी तिथे का आहे, हे आधी विचारावे. नंतर व्ही-टूचा नियमही बदलला : आधीच जास्त वेग मिळाला असेल तर तो मुद्दाम कमी करायचा नाही.

प्रश्न : मुलगी धुळ्याला विमान चालवायला शिकते आहे. एक इंजिनाचे छोटे विमान. त्याचे इंजिन उडताच बंद पडले तर परत वळता येते का? (अमळनेर)

उत्तर : कमी उंचीवर नाही, आणि तिला हे पहिल्या काही तासांतच शिकवले गेले असेल. तरी आकडे पाहा.

सेस्ना १७२ चे इंजिन ५०० फुटांवर बंद पडले तर नीट तरंगत खाली यायला चाळीस सेकंद मिळतात. काय झाले हे कळण्यातच त्यातले तीन-चार जातात. नेहमीच्या दराने अर्धे वळण घ्यायला एक मिनिट लागते. शिवाय अर्धे वळण पुरत नाही. धावपट्टीच्या रेषेवर यायला आणखी बरेच वळावे लागते आणि मग उलट झुकावे लागते. वेळ वाचवायला विमान ४५ अंश कलवले तर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. जमीन जवळ दिसते म्हणून हात नकळत दांडा मागे ओढतो, आणि गोते खाऊन होणारा अपघात शेतात उतरण्यापेक्षा कितीतरी वाईट.

म्हणून सेस्ना १७२ एसची क्रमावली अशी : लगेच नाक खाली, वेग ७० नॉट (फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, उघडे असतील तर ६५). मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) पूर्ण मागे, इंधन बंद, इग्निशन बंद, फ्लॅप गरजेप्रमाणे, मास्टर स्विच बंद, दार कडीतून सोडलेले. आणि सरळ समोर उतरायचे. अडथळा टाळण्यापुरते थोडे डावे-उजवे चालेल. नांगरलेले शेत असेल तर नांगराच्या सऱ्यांच्या दिशेने.

मुलीला एवढे मात्र जरूर विचारा : सकाळी इंधनाचे नमुने सगळ्या ठिकाणांहून काढते का? या विमानाला तेरा निचरा-झडपा आहेत. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या विमानाच्या टाकीत पाणी शिरते, ते तळाला बसते आणि टेक-ऑफला नाक वर होताच इंजिनाकडे जाते. शिकाऊ विमानांच्या इंजिन बंद पडण्यात हे जुने कारण. टेक-ऑफआधीच्या तपासणीत मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे जनित्र) बंद करून पाहताना घट १५० पेक्षा जास्त किंवा दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त असेल, तर उडायचे नाही. मागे रांग लागली असली तरीही.

प्रश्न : अहमदाबादच्या अपघातातही इंजिने बंद पडली होती ना? (बदलापूर)

उत्तर : १२ जून २०२५ च्या त्या अपघातात विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. तपास संस्थेच्या जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालाप्रमाणे, जमीन सोडल्यानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले. एक सुमारे १० आणि दुसरे सुमारे १४ सेकंदांनी परत ‘रन’वर आले. स्विच कसे हलले याचे कारण त्या अहवालाने ठरवलेले नाही, त्यामुळे त्यावर आम्ही तर्क करणार नाही. तांत्रिक बाजू एवढीच : इंधन तुटले की जेट इंजिनाच्या फेऱ्या झपाट्याने उतरतात. इंधन परत दिल्यावर ज्योत लागते, पण फेऱ्या चढून जोर यायला बराच वेळ जातो. तीस हजार फुटांवर तो मिळतो, काहीशे फुटांवर मिळत नाही.

प्रश्न : इंजिन गेल्यावर विमान लगेच का उतरवत नाहीत? घिरट्या घालून इंधन हवेत सोडतात का? (मिरज)

उत्तर : एटीआर, एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ मध्ये इंधन सोडायची सोयच नाही. ती मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानांत असते. घिरट्यांतला वेळ बहुतेक यादी वाचण्यात आणि पट्टीचा हिशेब करण्यात जातो. आग असेल तर जास्त वजनानेच उतरतात आणि नंतर चाकांची व सांगाड्याची तपासणी करतात.

प्रश्न : प्रवाशाने काय करावे? (कोल्हापूर)

उत्तर : मोठा आवाज, झटका, एका बाजूला ओढल्यासारखे वाटणे, मागून ज्वाळा दिसणे, हे सगळे झाले तरी विमान चढत असेल तर कॉकपिट आपले काम करते आहे. पहिली काही मिनिटे घोषणा होणार नाही. बोलायला ते मोकळे नसतात. तेवढ्यात पट्टा घट्ट करा, खाली ओटीपोटावर. बूट-चपला पायातच ठेवा.

बसल्याबरोबर, म्हणजे उड्डाणाआधीच, पुढच्या आणि मागच्या दरवाजापर्यंत आसनांच्या ओळी मोजून ठेवा. धुरात मोजणीच कामी येते. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात, त्यामुळे सगळ्यांचे पाय मागेच वळतात. पुढे आणीबाणीची दारे आहेत हे विसरतात. ‘ब्रेस’ म्हटले की पुढे वाका, डोके समोरच्या आसनाला टेकवा, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे जमिनीवर ठेवा. विमान पूर्ण थांबेपर्यंत तसेच राहा, कारण पहिल्या धडकेनंतर दुसरी येते.

अर्धी दारे वापरून ९० सेकंदांत सगळे बाहेर, या कसोटीवर मोठी विमाने उतरलेली असतात. त्या कसोटीत कोणाच्या हातात बॅग नसते. पाण्यात पडल्यास लाइफ जॅकेट घाला, पण फुगवा दाराबाहेर पडताना. आत फुगवले आणि पाणी भरले तर ते तुम्हाला छताला चिकटवून ठेवते, दारापर्यंत बुडी मारता येत नाही.